महाल-हॉटेलात दोन रात्री: पैसे नावाला नको, खोलीला द्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई-बाबांच्या लग्नाला येत्या २८ नोव्हेंबरला ४० वर्षं होतायत. बाबांचं लहानपण लश्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या त्या नावाच्या जुन्या भागात गेलं, सातवीपर्यंतची शाळा तिथेच, मग आजोबांची बदली झाली आणि घर पुण्याला आलं. आता त्या दोघांना ग्वाल्हेरला नेऊन जुन्या राजवाड्याच्या हॉटेलात ठेवावं असं तुमच्या मनात आहे. आईंचे गुडघे दुखतात. एका रात्रीचा आकडा बघून तुम्ही दचकलात, आणि विचारताय की एवढे पैसे टाकावेत, की स्टेशनजवळ साधं हॉटेल घेऊन महाल तिकीट काढून बघून यावा? आणि टाकायचेच असतील तर खोली कुठल्या वर्गाची घ्यावी?

मी २६ वर्षं हाउसकीपिंगमध्ये काढली, त्यातली बहुतेक जुन्या हवेल्या आणि वाड्यांच्या हॉटेलांत. जन्म आणि माहेर लश्करातलंच, चिटणिसांच्या गोठीतलं (गोठ म्हणजे तिथला मोहल्ला). त्यामुळे तुमच्या प्रश्नाकडे मी दोन्ही बाजूंनी बघू शकते. रिसेप्शनवरचा माणूस तुम्हाला हॉटेल दाखवतो. आम्हाला ते सकाळी अकरा वाजता दिसतं, पाहुणे गेल्यावर, चादरी ओढताना.

पैसे फिटतील का, असं तुम्ही विचारलंय. पण प्रश्न दोनदा वाचल्यावर मला वाटलं की खरी भीती वेगळी आहे. आई-बाबा तिथे अवघडतील, 'उगाच खर्च केलास' म्हणत दोन दिवस खुर्चीच्या कडेवर बसून काढतील, ही ती भीती. ती खरी आहे, मी असे पाहुणे पुष्कळ बघितलेत. त्याच्यावर उपाय आहे, पण तो महागड्या वर्गात नाही. म्हणून माझं उत्तर: राहा. दोन रात्री राहा, एक नको आणि तीनही नकोत. तारीख बदला. आणि वर्गाचं नाव विसरून खोलीचा नंबर ठरवा. आता हे असं का, ते सांगते.

आधी ही हॉटेलं झाली कशी ते बघा, कारण पुढचं सगळं त्यातूनच येतं. जयपूरचा रामबाग १९५७ साली हॉटेल झाला. ही सुरुवातीच्या मोठ्या उदाहरणांपैकी एक. १९७१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि मग इतकी मोठी घरं सांभाळायची कशी हा प्रश्न देशभरच्या राजघराण्यांपुढे उभा राहिला. नुसतं छप्पर गळायचं थांबवायला जे पैसे लागतात त्यात एखादी नवी इमारत उभी राहील. काहींनी वाडे विकले, काहींनी सरकारला दिले, काहींनी पाहुण्यांसाठी उघडले. ग्वाल्हेरला जयविलास महालाच्या शेजारी, जयेंद्रगंजाच्या बाजूला जो उषाकिरण पॅलेस आहे, तो शिंद्यांचं अतिथिगृह म्हणून बांधलेला. आज तो ताज समूहाकडे आहे, चाळीसेक खोल्यांचा. दगडी जाळ्या बघण्यासारख्या आहेत, त्यावरचं काम ग्वाल्हेरच्या कारागिराचंच, हे आमच्याकडचं पोर सुद्धा सांगेल.

म्हणजे ही घरं आधी घरं होती. नव्या हॉटेलात एक खोली आखतात आणि तीच शंभर वेळा बांधतात. ३०४ आणि ४०४ मध्ये फरक फक्त जिन्याचा. वाड्याचं तसं नाही. एक खोली पूर्वी कोणाची बसायची असेल, दुसरी नुसती कपड्यांची, तिसरी म्हणजे व्हरांड्याचा तुकडा भिंत घालून बंद केलेला. नंतर व्यवस्थापनानं त्यांना चार-पाच वर्ग लावले आणि प्रत्येक वर्गाला भारदस्त नाव दिलं. एकाच वर्गात, एकाच भाड्यात, अप्रतिम खोलीही असते आणि 'अरेरे' म्हणावी अशीही. संगणकाला ते दिसत नाही. झाडू मारणाऱ्याला दिसतं.

एक उदाहरण. मी एका हवेलीच्या हॉटेलात होते, नाव-गाव राहू दे. तिथली झरोक्याची खोली सगळ्या जाहिरातींत असायची. खिडकीतल्या गादीवर बसून चहा पिणारी बाई, मागे मावळतीचं ऊन. सगळ्यांना तीच हवी. आता त्या खोलीचं बाथरूम बघा: बॉयलर इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे नळ सोडल्यावर गरम पाणी यायला चार-पाच मिनिटं लागायची. खोली पश्चिमेची, म्हणजे एप्रिलनंतर भिंत रात्री दहापर्यंत गरम. त्याच मजल्यावर मागच्या अंगाला एक खोली होती, तिचा फोटो कुठेच नव्हता कारण कॅमेऱ्यात धरण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. जाड भिंत, पूर्वेचा उजेड, चिंचेचं झाड, पाणी दोन मिनिटांत गरम. भाडं कमी. आमचे मालक स्वतः आले की तिथे झोपायचे. मी कोणाला सुचवलं की लोक म्हणायचे, 'पण ती फोटोतली नाही ना.'

आता आईंच्या गुडघ्यांकडे येऊ. 'लिफ्ट आहे का' एवढंच विचारून थांबू नका. जुन्या इमारतीत लिफ्ट बहुधा नसते, असली तर एका कोपऱ्यात. आणि लिफ्ट असूनही तीन ठिकाणी अडतं. पहिलं म्हणजे जिन्याच्या पायऱ्या. जुन्या दगडी पायऱ्या उंच असतात, आठ-नऊ इंचांच्या, आणि कडेला धरायला काही नसतं. तुम्ही पुण्यातल्या घरी ज्या चढता त्या साधारण सहा-साडेसहाच्या. सहा पायऱ्या म्हणजे सहाच नव्हेत, गुडघ्याच्या हिशोबात त्या नऊ होतात.

दुसरं कोणी सांगत नाही: बाथरूमचा उंबरठा. आमच्याकडची जुनी छतं आणि मजले दगडी पटियांचे, म्हणजे लांब सपाट फरशांचे. नव्या संडासाचा पाइप नेण्यासाठी ती पटिया फोडणं धोक्याचं. म्हणून पाइप जुन्या जमिनीवरून नेतात आणि वर भर घालून बाथरूमची जमीनच उचलतात. त्यामुळे खोलीतून बाथरूममध्ये जाताना पाच-सहा इंचांची एक पायरी येते, कधी दोन. दिवसा कौतुकानं बघाल. रात्री तीन वाजता अनोळखी अंधारात ज्येष्ठ माणूस तिथेच पडतो. माझ्या नोकरीत पाहुणे पडल्याच्या जेवढ्या तक्रारी आल्या, त्यांतल्या जिन्यावरच्या थोड्या आणि या पायरीवरच्या जास्त. तिसरं म्हणजे पलंग. जुन्या धाटणीचे पलंग उंच असतात, वर नवी जाड गादी टाकली की आणखी उंच. आईंचे पाय टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर पाटासारखी लाकडी पायरी मागा, असते ती सगळीकडे, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

तळमजल्याची खोली घ्यावी का, याचं उत्तर महिन्यावर अवलंबून. पावसाळ्यात आणि त्यानंतरचा महिनाभर मी तळमजला टाळायला सांगते. जुन्या भिंती चुन्याच्या. चुना ओल घेतो आणि ऊन पडलं की सोडतो, शंभर वर्षं तो तेच करत आलाय. पण कोणीतरी कधीतरी त्यावर प्लास्टिक पेंट चढवलेला असतो. मग ओल आत कोंडते, पापुद्रे सुटतात आणि खोलीला तो वास येतो, जो आम्ही सुगंधी फवारे मारून झाकतो. म्हणून खोलीत शिरताच फार छान वास आला तर जरा थांबा. कपाट उघडा, आत डोकं घाला. कपाटात फवारा मारायला आम्ही विसरतो. डिसेंबरात मात्र तळमजला चालेल, तुमच्यासाठी तोच बरा.

आता फोनचं. बुकिंगच्या साइटवर भाव बघा, पण बोलणं थेट ग्वाल्हेरच्या रिसेप्शनशी करा. मोठ्या समूहाचा बुकिंगचा नंबर दुसऱ्याच शहरात वाजतो, त्या मुलीनं ही इमारत पाहिलेली नसते. फोन दुपारी चारनंतर करा. अकरा ते दोन या वेळात निघणारे आणि येणारे एकदमच समोर उभे असतात, त्या वेळी तुम्हाला फक्त 'हाँ सर, हो जाएगा' मिळेल. सांगा की वडील लश्करात वाढलेत, लग्नाची चाळीस वर्षं आहेत, आईंचे गुडघे दुखतात. मग विचारा: मूळ जुन्या इमारतीतली खोली आहे की आवारात नंतर बांधलेल्या भागातली? गाडीतून उतरल्यापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती? बाथरूमला पायरी आहे का, आंघोळ टबात उभं राहून करावी लागते की वेगळी जागा आहे? (टबाची कड ओलांडणं गुडघेदुखीवाल्यांना अजिबात नको.) खिडकी कशावर उघडते: बागेवर, आतल्या चौकावर की स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला? उत्तर देताना समोरचा माणूस 'एक मिनिट' म्हणून कोणालातरी विचारायला गेला तर समजा चांगलं हॉटेल आहे. न विचारता सगळ्याला हो म्हणाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा. शेवटी खोलीचा नंबर मेलवर लिहून मागा. ते 'प्रयत्न करू' असंच लिहितील, तरी लिहू द्या. नंबर नोंदीवर आला की तो आमच्या यादीत येतो, आणि यादीत आला की आदल्या दिवशी त्या खोलीत कोणीतरी जाऊन गीझर बघतं.

'हेरिटेज' या शब्दावर मात्र फार विसंबू नका. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत हा दर्जा हवा तर इमारत १९५० पूर्वीची असावी लागते. पण पाटीवर हेरिटेज लिहायला तो दर्जा घ्यावाच लागतो असं नाही. त्यामुळे सिमेंटच्या इमारतीला चार झरोके आणि एक तोफ लावून हेरिटेज म्हणणारे पुष्कळ आहेत. फोनवर बांधकामाचं साल विचारलं की कळतं.

तारखेबद्दल. २८ नोव्हेंबरला येऊ नका. देवउठनी, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीनंतर आमच्याकडे लग्नांचा धडाका सुरू होतो, आणि वाड्याच्या हॉटेलाची खरी कमाई खोल्यांत नसते, लॉनवर असते. दगडी कमान, झुंबर, हिरवळ: दिल्ली, आग्र्यापासूनची लग्नं तिथे लागतात. तुमची खोली कितीही सुंदर असो, खाली रात्री बारापर्यंत डीजे वाजत असेल तर काय करायचंय? ही चूक मी स्वतः केलेली आहे. एक वयस्कर जोडपं आलं होतं, त्यांच्या खोलीखालीच मंडप. मी त्यांना मोठ्या मनानं मागच्या शांत बाजूला हलवलं आणि विसरले की ती खोली नोकरांच्या जिन्याला लागून आहे. लग्नाची भांडी त्या जिन्यानं पहाटे चारपर्यंत खाली जात होती. सकाळी त्या आजोबांनी मला काहीसुद्धा बोलून दाखवलं नाही, फक्त विचारलं, 'एकूण ताटं किती होती हो?'

हॉटेल सहसा आपणहून सांगत नाही की त्या दिवशी लग्न आहे. तुम्हीच सरळ विचारा: त्या दोन रात्री लॉन किंवा हॉल बुक आहे का? त्याहून सोपा उपाय पंचांगात आहे. साधारण १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत उत्तरेत खरमास मानतात, आपला धनुर्मास. या काळात इकडे लग्नं लागत नाहीत. लॉन रिकामं, नोकर निवांत, भाडंही ख्रिसमसच्या आठवड्यापर्यंत जरा खाली. पितृपक्षातही असंच रिकामं असतं आणि भाव त्याहून कमी, पण लग्नाचा वाढदिवस पितृपक्षात साजरा करू असं तुमच्या आईंना सांगायची जबाबदारी मी घेणार नाही.

तेव्हा १६ ते २२ डिसेंबर. त्यापुढे नको, कारण २४ आणि ३१ तारखेला बऱ्याच हॉटेलांत सक्तीचं जेवण गळ्यात मारतात, ज्याचं बिल खोलीइतकंच येतं. शिवाय महिनाअखेरीला धुकं दाट होतं आणि दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तासन् तास लटकतात. डिसेंबरच्या मध्यालाच तानसेन समारोह असतो. १९२४ पासूनचा, तानसेनच्या समाधीपाशी. तुमच्या बाबांच्या पिढीच्या लश्करकर मराठी घरात ग्वाल्हेर घराण्याचं नाव ऐकलेलं नसेल असं होणारच नाही. तारखा जुळल्या तर एक बैठक ऐकवा. कानटोपी, शाल आणि बसायला काहीतरी जाड घेऊन जा. रात्री पारा पाच अंशांकडे झुकतो.

थंडीचा खोलीशी संबंध आहे, म्हणून तेही सांगते. जाड भिंती उन्हाळ्यात वरदान, पण थंडीत एकदा गार झाल्या की तापत नाहीत. छत सोळा-अठरा फुटांवर, गरम हवा सगळी वर जाऊन बसते. पंख्यासारखा हीटर तिथे निरुपयोगी. तेलाचा, रेडिएटरसारखा दिसणारा मागा, आणि तुम्ही पोचायच्या तीन तास आधी लावून ठेवायला सांगा. पलंगाच्या दोन्ही बाजूंना सतरंजी हवी. सकाळी दगडी फरशीवर अनवाणी पाय टाकला की संधिवात असलेल्या माणसाचा पुढचा अर्धा दिवस जातो. आणि वायफाय त्या भिंतींतून येत नाही, त्याची तक्रार करू नका.

पैशांचं थोडक्यात. दाखवलेल्या भावात कर धरलाय का ते आधी बघा. रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर गेलं की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि अशा हॉटेलच्या रेस्टॉरंटमधल्या जेवणावरही १८ टक्के, जिथे बाहेर साध्या हॉटेलात ५ टक्के असतो. समजा खोली १४,०००ची असेल तर हातात १६,५२० पडते, दोन रात्रींचे ३३,०४०. याच्यावर रोजची दोन जेवणं आतच घेतली तर बिल आणखी फुगतं. सेवा शुल्क म्हणून काही जोडलं असेल तर ते ऐच्छिक असतं, नको असेल तर काढायला सांगता येतं. नाश्ता भाड्यात धरूनच घ्या. आत एकच जेवण करा, दुसऱ्या रात्रीचं, आणि त्यासाठी आदल्या दिवशी स्वयंपाकघराला सांगून ठेवा. उषाकिरणच्या सिल्व्हर सलून या रेस्टॉरंटमध्ये मराठा आणि नेपाळी धाटणीचे पदार्थ मिळतात, कारण शिंद्यांच्या घरात नेपाळच्या राणा घराण्याशी सोयरीक आहे. पनीर बटर मसाला तुम्हाला पुण्यातही मिळेल, तो तिथे मागवू नका.

तीन रात्री नकोत आणि एक नको, असं का म्हणाले? एक रात्र म्हणजे दुपारी दोनला आत आणि दुसऱ्या दिवशी बाराला बाहेर. बावीस तास, त्यांतले आठ झोपेत, चार बॅगा लावण्या-काढण्यात. बाबा जरा सैल होऊन बागेत खुर्ची ओढून बसतील तेवढ्यात निघायची वेळ. तिसऱ्या रात्री मात्र कौतुक संपलेलं असतं आणि बिलाचा विचार सुरू होतो. पहिली रात्र साध्या हॉटेलात किंवा नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे काढा. पुण्याहून झेलम किंवा गोवा एक्सप्रेसनं आलात तर प्रवासानं अंग आंबलेलं असतं. महालाच्या पलंगावर पहिली रात्र मेल्यासारखं झोपून घालवायला एवढे पैसे कशाला? ती झोप कुठेही लागते. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, बरोबर दोन वाजता फाटकातून आत जा.

पोचल्यावर सामान वर न्यायच्या आधी खोली बघा आणि शेजारची एखादी मोकळी असेल तर तीही दाखवायला सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. आम्हाला ते आवडतं, कारण नंतर रात्री नऊला खोली बदलून देण्यापेक्षा ते सोपं. आत गेल्यावर पहिलं काम: गरम पाण्याचा नळ सोडून ठेवा आणि घड्याळ बघा. तोवर आई पलंगावर बसून पाय टेकतात का बघतील. मग दार लावून एक मिनिट गप्प उभे राहा. जनरेटर, एसीचं बाहेरचं यंत्र, स्वयंपाकघराचा धुराड्याचा पंखा, यांतलं काही ऐकू येत असेल तर ते रात्री दुप्पट येईल.

आता अवघडण्याचं. मराठी पाहुण्यांची खोली मी दार उघडल्याबरोबर ओळखायची. पांघरुणाच्या घड्या पायथ्याशी, चहाचे कप विसळून पालथे, बाथरूममध्ये वाळत घातलेला पंचा, आणि हॉटेलचा टॉवेल तसाच्या तसा, न उलगडलेला. लोकांना वाटतं की आपण वापरलं तर खराब होईल. बाबांना आधीच सांगून ठेवा की हे सगळं भाड्यात धरलेलं आहे, वापरलं नाही तरी पैसे तेवढेच. हा युक्तिवाद आपल्या माणसांना लगेच पटतो. बिल त्यांना दाखवू नका, ऑनलाइन आधीच भरून टाका. आणि पोचल्यावर कोणी हार, आरती, तुतारी असलं स्वागत करणार असेल तर ते नको म्हणून कळवा. त्याऐवजी हॉटेलातला एखादा जुना माणूस, माळी म्हणा, दरवान म्हणा, पंधरा मिनिटं त्यांच्याशी बोलायला मिळेल का ते विचारा. लश्करातले जुने नोकर तीन-तीन पिढ्यांचे असतात. बाबांनी 'आमचं घर निंबाळकरांच्या गोठीत होतं' म्हणावं आणि समोरच्यानं 'कुएँ के सामने वाला?' विचारावं, की झालं. मग त्यांना खुर्चीच्या कडेवरून मागे सरकवायला तुम्हाला काही करावं लागणार नाही.

मधल्या दिवशी दुपारी चारपर्यंत कुठेही जाऊ नका, एवढं माझं ऐका. बहुतेक लोक महालात खोली घेतात आणि सकाळी आठला किल्ल्यावर पळतात, संध्याकाळी सातला थकून परततात. म्हणजे जाळीतून फरशीवर उतरणारं जे ऊन, त्यासाठी पैसे दिले, ते हाउसकीपिंगच्या बायकांनीच बघायचं. सावकाश नाश्ता, बागेत फेरी, दुपारची झोप. चारनंतर बाड्यावर, म्हणजे लश्करातल्या महाराज बाड्याच्या चौकात जा. बाबा तिथून पुढे स्वतःच नेतील: सराफा, नया बाजार, बहादुराचे बुंदीचे लाडू, पाटणकर बाजार. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि त्या लष्कराचंच शहर झालं, ते नावातच उरलं. गल्ल्यांच्या नावांतही अजून आपलीच माणसं आहेत, फाळके, चिटणीस, शिंदे.

किल्ला आणि जयविलास साध्या हॉटेलातूनच उरका, महालात शिरायच्या आधी. किल्ल्यावर उरवाई दरवाज्याकडून गाडीनं जा, वाटेत कड्यात कोरलेल्या भव्य जैन मूर्ती गाडीतूनही दिसतात. हत्ती पोळ या दुसऱ्या दरवाज्याकडची चढण आईंना जमणार नाही, त्यामुळे त्या वाटेवरचं चतुर्भुज मंदिर, जिथल्या ८७६ च्या लेखात शून्य कोरलेलं आहे, ते सुटेल. इलाज नाही. जयविलासला दोन-अडीच तास धरा आणि मध्ये बसायची सवड ठेवा. १८७४ सालचा, मायकेल फिलोसनं बांधलेला. दरबार हॉलमधली झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची, आणि ती टांगण्याआधी छत पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले होते, ही गोष्ट बाबांना पाठ असणारच. त्यांनाच सांगू द्या. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी आईंना जास्त आवडेल, असा माझा अंदाज आहे.

बक्षिशीचं विचारलं नाहीत, पण सांगते. जी माणसं समोर दिसतात, बॅग उचलणारा, वाढणारा, त्यांना लोक देतात. खोली लावणारी बाई समोर येतच नाही. निघताना पाकिटात घालून उशीवर ठेवा आणि वर 'हाउसकीपिंग' लिहा. नुसत्या सुट्ट्या नोटा टेबलावर असल्या तर आम्ही त्या विसरलेली वस्तू म्हणून नोंदवून रिसेप्शनला जमा करतो, नियमच तसा असतो.

आणि निघायच्या सकाळी आईंना चादरीच्या घड्या घालू देऊ नका. आम्हाला त्या एकेक उलगडूनच बघाव्या लागतात. माझ्या हिशोबात आजवर अशा नीट घातलेल्या घड्यांत तीन चष्मे, एक कवळी आणि एकदा मंगळसूत्र सापडलेलं आहे.